बातमी सोडून बाकी सगळं

रेडिओ केंद्रात जाण्याआधी मी बालवाडी चालवायची. पूर्णा आणि चुडावा यांच्या मधे, रुळापासून थोडं आत आमचं गाव आहे. नवरा शेती बघायचा, दोन्ही मुली शाळेत होत्या. बालवाडी ज्या संस्थेची होती, तिच्या प्रमुख बाईंना आम्ही सगळ्या ताई म्हणायचो. त्या महिन्यातून एकदा बैठकीला यायच्या. अशाच एका बैठकीत त्यांनी सांगितलं, की सरकार आता संस्थांनाही स्वतःचा छोटा रेडिओ चालवायला परवानगी देतंय. गावातल्या लोकांनी गावातल्या लोकांसाठी चालवायचा रेडिओ.

"त्याच्यावर बोलणार कोण?" एकीनं विचारलं.

"तुमीच."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ताईंनी त्याच आठवड्यात अर्जाचं काम माझ्याकडे दिलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मला कागद सांभाळायची सवय होती.

अर्ज दिल्लीला जायचा होता. संस्थेची नोंदणी, गावांची यादी, कोणते कार्यक्रम करणार याचा आराखडा, मनोरा उभा राहणार त्या जागेचा नकाशा. एका रकान्यात जागेचे अक्षांश-रेखांश मागितले होते. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, अक्षांश नसतात. तलाठ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "हे आमच्याकडं न्हाई बाई, भूगोलाच्या मास्तरला इचारा." शेवटी माझ्या मोठ्या मुलीनं कुणाच्यातरी मोबाईलवर ते शोधून दिले. संस्थेच्या मागच्या पडीत, बाभळीपाशी उभं राहून मी आकडे वहीत उतरवले आणि खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तपासले.

मग काहीच झालं नाही. वर्ष उलटून गेल्यावर मुलाखतीचं पत्र आलं. ताई मला बरोबर घेऊन गेल्या. पूर्ण्याहून दिल्लीची थेट गाडी मिळते, म्हणून प्रवासाचं काही वाटलं नाही. भीती होती ती हिंदीची. आमच्याकडची हिंदी म्हणजे बाजारात शिकलेली, हैदराबादच्या वळणाची. टेबलापलीकडे पाच जण बसले होते. एकानं मला विचारलं, घरोघरी मोबाईल असताना रेडिओ कशाला हवा? मी म्हणाले, "साब, मोबाइल मरदों के पास रैता. औरतां के हात काम में रैते. रेडिओ सुनने कू हात नै लगते." ते हसले, पण वाईट हसले नाहीत. मग दुसऱ्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, बातम्या देणार नाही ना? नियमात ते बसत नाही, माहीत आहे ना? ताई म्हणाल्या, माहीत आहे. मीही मान हलवली. बातम्या द्यायच्या असतात हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. जे करायचंच नाही ते सोडायला काय जातंय, असं मला वाटलं.

मुलाखतीनंतर पहिलं मंजुरीचं पत्र आलं. पण त्यानं रेडिओ सुरू होत नाही. लहरींची मंजुरी वेगळी, मनोऱ्याची वेगळी, कारण विमानाच्या वाटेत आपला खांब येतो की नाही हेही बघतात. त्यानंतर करार, आणि त्यानंतर यंत्र चालवायचा परवाना. या सगळ्यात आणखी दीड वर्ष गेलं.

त्या दीड वर्षात आम्ही रिकाम्या बसलो नाही. ताईंनी एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं. आम्ही चौघीजणी गावात फिरून बोलणं जमवायचो आणि दर गुरुवारी सकाळी पारावर कर्णा लावून ऐकवायचो. मला वाटतं, रेडिओ लगेच मिळाला असता तर आम्ही वाईट रेडिओ केला असता. पारावर माणसं समोर असायची. कंटाळा आला की उठून जायची. माझा पहिला कार्यक्रम पोषण आहारावर होता. पाच मिनिटांत पारावर दोन म्हातारे उरले, आणि त्यातला एक झोपलेला होता. पुढच्या गुरुवारी मी एका आजींना उडदाचं घुटं कसं करतात ते विचारलं, आणि चुलीवर फोडणी बसल्याचा आवाज तसाच ठेवला. तेव्हा बायका भिंतीआडून पुढे आल्या. मी तिथं शिकले ते एवढंच, की सांगण्यापेक्षा विचारावं.

याच काळात काका आमच्यात आले. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते आणि पूर्ण्यात राहायचे. तारा, बॅटऱ्या, रिले यांतलं त्यांना सगळं कळायचं. तांत्रिक माणूस मिळत नव्हता म्हणून ताईंनी त्यांना विनंती केली. ते रोज सायकलवर यायचे, चप्पल दाराबाहेर काढायचे आणि आधी घड्याळ लावायचे. दिल्लीहून आलेली नियमांची प्रत त्यांनी पुठ्ठा घालून बांधून घेतली होती. ती त्यांनी किती वेळा वाचली असेल कोण जाणे.

मनोरा उभा राहायच्या वेळी शेजारच्या शेतकऱ्यानं हरकत घेतली. त्याचं म्हणणं, या खांबाच्या किरणांनी हरभऱ्याचा फुलोरा गळेल. काका त्याच्या बांधावर जाऊन बसले. "दादा, तुमच्या घरातल्या बल्बाला जेवढी वीज लागती, तसले चार-दोन बल्ब मिळून हे यंत्र हाय. सरकारनं जास्तीचं चालवूच दिलं न्हाई." शेतकरी म्हणाला, "मंग एवढ्याशा यंत्रानं ऐकू काय जाणार?" त्यालाही उत्तर नियमातच होतं. ऐकू जायचं ते दहा-बारा किलोमीटर. चुडाव्याच्या फलाटावर आम्ही लागायचो, त्याच्या पुढच्या गावात खरखर. माझी थोरली बहीण सेलूकडे वालूरला दिलेली आहे. तिनं फोन करून विचारलं, कितव्या नंबरवर लागतंय? मी तिला सांगितलं, तुझ्याकडं लागणारच न्हाई, सेलूपर्यंत यायला आमाला परवानगीच न्हाई. ती म्हणाली, "मग फोनवरच बोल."

केंद्र सुरू झालं. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. पहिल्याच आठवड्यात पारावरच्या मंडळींनी विचारलं, "बातम्या कधी लावताव?" मी म्हणाले, बातम्या नसतात. त्यांना ते पटलं नाही. रेडिओ आहे आणि बातम्या नाहीत, म्हणजे हॉटेल आहे आणि चहा नाही. काकांनी समजावलं: आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, आपल्या मनाच्या नाही. हवामान, बाजारातली आवक, परीक्षेचा निकाल, वीज कधी जाणार, पाणी कधी येणार, रोगराईची माहिती, हे सगळं चालतं. कोण पडलं, कोण निवडून आलं, कुणी काय खाल्लं, हे चालत नाही. शिवाय जे जे लावलं ते सगळं तीन महिने जपून ठेवायचं, कुणी मागितलं तर दाखवायला. काकांनी त्यासाठी रजिस्टर केलं. गाडीच्या वेळा लिहाव्या तसं ते लिहायचे: अमुक वाजता सुरू, अमुक वाजता बंद, बोलणार कोण, विषय काय.

मेंढ्यांच्या कार्यक्रमाची कल्पना माझी. गावाच्या उगवतीला धनगर वस्ती आहे, पंधरा-वीस घरांची. तिथली एक मावशी दुधाच्या भांड्याला कल्हई लावून घ्यायला गावात आली होती, तेव्हा मी तिला बोलावलं. साठीची असेल. माईकसमोर बसवलं तर तिनं आधी माईकला हात लावून बघितला आणि विचारलं, "ह्याच्यात बोललेलं माज्या लेकीला ऐकू जाईल का? ती चुडाव्याला हाय."

"जाईल."

मग ती बोलायला लागली ती थांबेना. कोकरू आईनं नाकारलं तर काय करायचं, पावसात लोकर भिजली तर काय, लांडग्याचा वास मेंढराला कुठल्या बाजूनं येतो. मला फार विचारावं लागायचं नाही. दर बुधवारी ती यायची, आणि बुधवारी आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन यायचे. शेतकरी माणसंही ऐकायची. एकदा स्टेशनवर तिचा आवाज ओळखून एका बाईनं तिला बसायला जागा दिली होती, ते ती मला तीनदा सांगून गेली.

केंद्राला सहा महिने झाले असतील. एका बुधवारी मावशी आली ती नेहमीसारखी बोलली नाही. पाणी दिलं तर घेतलं नाही. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मी विचारलं, "मावशी, आज काय सांगणार?"

ती म्हणाली, "आज शिकवायचं काई न्हाई. माजी मेंढरं मरायल्यात. तोंडाला फोड, शेपटाखाली फोड. आठ दिसांत अठरा गेली, कोकरं निम्मी गेली. दवाखान्यात दोनदा माणूस धाडला, डाक्टर न्हाई म्हणत्यात. कुणाला सांगावं? मी म्हणलं रेडिओत सांगावं. सगळ्यांला कळू द्या, आमच्या वस्तीवर कुणी आलं न्हाई."

सात-आठ मिनिटं ती बोलली. रडली नाही. कोणतं मेंढरू कधी पडलं ते क्रमानं सांगितलं, प्रत्येकाच्या नावानिशी, रंगानिशी. मी मधे एकही प्रश्न विचारला नाही.

ती गेल्यावर काका म्हणाले, "हे लावता येणार नाही."

"का?"

"ही बातमी झाली. आणि सरकारी दवाखान्याची तक्रार झाली. डॉक्टरची बाजू आपण ऐकलेली नाही. उद्या कुणी रेकॉर्डिंग मागितलं तर काय दाखवायचं? परवाना नवा आहे."

मी ताईंना फोन लावला. त्या बाहेरगावी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू ठरव. पण केंद्र बंद पडलं तर तिचंही बोलणं बंद पडंल, एवढं लक्षात ठेव." याला ठरवायला सांगणं म्हणत नाहीत, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. तीन वर्षं मी ते कागद सांभाळले होते. मी मावशीचं बोलणं काढलं आणि तिचा जुना, लोकरीवरचा कार्यक्रम पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्र उघडायला गेले तर ती पायरीवर बसलेली.

"लेकी, माजं बोलणं कुटं गेलं?"

"मावशी, ते लावता आलं नाही."

"कामून? खोटं व्हतं का?"

"नाही."

"मंग?"

"आम्हाला बातमी द्यायची परवानगी नाही."

"म्या बातमी कुटं दिली? म्या माजं घर सांगितलं." मग तिनं पदर सावरला. "काल सगळी वस्ती रेडिओपाशी बसवली व्हती मी. मेंढरं मरायल्यात आन् मी तिथं लोकर कशी वाळवायची ते सांगायले. लोकं माज्या तोंडाकडं बगायली."

तिनं उत्तराची वाटही पाहिली नाही. उठली आणि गेली.

काका आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. काय झालं ते त्यांना सांगितलं. त्यांनी घड्याळ लावलं, रजिस्टर उघडलं, मिटलं आणि पुठ्ठ्याची प्रत काढली. बराच वेळ बोट ठेवून वाचत होते. मग म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. मी काय चालत नाही तेवढंच बघितलं. रोगाची माहिती द्यायला कुणाची बंदी नाही. मेंढरांना काय झालंय, काय करावं, लस कुठं मिळते, हे सांगता येतं. डॉक्टरला बसवून विचारता येतं. कोण आलं नाही हे सांगता येत नाही, पण कधी येणार हे विचारता येतं."

"त्याला उशीर झाला तर?"

"म्हणूनच आता निघा."

मी नवऱ्याला मोटारसायकल काढायला लावली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर भेटले, तेही योगानं. त्यांच्याकडे तीन दवाखान्यांचा पदभार होता आणि आठवडाभर ते दुसऱ्या टोकाला होते. मी लक्षणं सांगितली. ते ताडकन उठले. "ही देवी दिसते, मेंढ्यांना होते ती. कधीपासून?" मी म्हणाले, आठ दिवस. रेडिओवर येऊन सांगाल का, असं विचारल्यावर मात्र ते थांबले. सरकारी नोकर आहे, रेडिओवर बोलायला वरिष्ठांची परवानगी लागेल. म्हणजे नियम त्यांच्याही उशाशी होताच. मी म्हणाले, परवानगी मागा, पण आधी वस्तीवर चला.

धनगर वस्तीवर मी पहिल्यांदा गेले ती तेव्हा. इतके महिने दर बुधवारी ती बाई माझ्याकडे चालत येत होती आणि मी एकदाही तिच्या दारात गेले नव्हते. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणात मेंढरं माना टाकून उभी होती. नेहमी मेंढरांचा कालवा असतो. तिथं शांत होतं. मावशीनं डॉक्टरांना सगळं दाखवलं. माझ्याशी बोलली नाही, पण माझ्यासाठीही पाण्याचा तांब्या आणला.

डॉक्टरांनी आजारी मेंढरं वेगळी काढायला लावली, जखमांना औषध दिलं. लशीचं विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "या कळपात रोग शिरलाय. इथं आता लस देऊन उपयोग नाही. लस द्यायची ती आसपासच्या निरोगी कळपांना, आणि लगेच."

"म्हंजी आमाला न्हाई," मावशी म्हणाली.

"तुम्हाला औषध देतो, मावशी. लस नाही."

वरिष्ठांची परवानगी तिसऱ्या दिवशी फोनवर मिळाली. डॉक्टर त्याच दुपारी केंद्रात आले. मी विचारत गेले, ते सांगत गेले. फोड कुठं येतात, कोकरांना जास्त धोका का, एका कळपाची मेंढरं दुसऱ्याच्या पाण्यावर का नेऊ नयेत, लस कुठल्या गावात कुठल्या दिवशी टोचणार. शेवटी मी विचारलं, "एखाद्या वस्तीवर दवाखान्यातलं कुणी पोचलं नसेल, तर लोकांनी काय करायचं?" मग त्यांनी आपला फोन नंबर सांगितला. मी तो दोनदा म्हणायला लावला. काकांनी रजिस्टरमधे लिहिलं: विषय, मेंढ्यांचे आरोग्य. तो कार्यक्रम आम्ही चार दिवस, दिवसातून तीनदा लावला.

रेडिओ पोचत होता तेवढ्या गावांतल्या बहुतेक कळपांना लस मिळाली. आमच्या हद्दीपलीकडे एका गावात बरीच मेंढरं गेल्याचं नंतर कानावर आलं. तिथं आमचा आवाज जात नव्हता. लस टोचायच्या दिवशी आमच्या गावात माणसं कळप घेऊन आली, तेव्हा मला वाटलं होतं मावशीही बघायला येईल. ती आली नाही. तिच्या साठातली तेवीस मेंढरं वाचली. ती तिच्या पोरानं विकून टाकली आणि तो पूर्ण्यात वीटभट्टीवर कामाला लागला.

मावशी चार महिने केंद्राकडे फिरकली नाही. बुधवार आम्ही रिकामा ठेवला नाही, पण लोक फोन करून विचारायचे, मेंढरवाली मावशी कुठं गेली? मी म्हणायची, कामात आहे. मी दोनदा वस्तीवर गेले. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, रेडिओचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही नाही.

मग एका सकाळी ती आपणहून आली. आत येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्या दिशीचं माजं बोलणं हाय का तुज्यापाशी? मला एकडाव ऐकायचंय. मेंढरांची नावं घेतली व्हती मी त्याच्यात."

ते माझ्याजवळ नव्हतं. जे लावलं ते तीन महिने ठेवायचा नियम होता. जे लावलंच नाही ते ठेवायचा नियम नव्हता. संगणकात जागा कमी पडली तेव्हा मी इतर कापलेल्या तुकड्यांबरोबर तेही पुसलं होतं. मुद्दाम नाही, तेव्हा लक्षातही आलं नाही.

मी तिला तसंच सांगितलं. बहाणा केला नाही.

"पुसलं," ती म्हणाली. थोडा वेळ बोटं मोजत बसली, मेंढरांची नावं मनात जुळवत असावी. मग म्हणाली, "बरं. मला पाठ हायत."

मी तिला म्हणाले, मावशी, आता परत सांगा, मी ठेवीन. लावता नाही आलं तरी ठेवीन. ती म्हणाली, "आता नगं. आता शेळ्या घेतल्यात दोन. एक गाभण हाय. शेळीचं कसं असतंय ते मेंढरावाणी नसतंय, लोकांला वाटतंय सारकंच. ते सांगते. लाव तुजं यंत्र."

मी यंत्र लावलं. काकांनी पलीकडून बोट वर करून सुरू झाल्याची खूण केली, आणि तिनं शेळीच्या पहिल्या दुधापासून सुरुवात केली.